माणूस एका रात्रीत क्रूर होत नाही

ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात, एकविसाव्या सर्गात, लायकॉन नावाचा ट्रोजन राजपुत्र नदीकाठी ग्रीक योद्धा अकिलीसच्या समोर येतो. दोघांची ही पहिली गाठ नाही. आधी एकदा अकिलीसनंच त्याला रात्री बापाच्या बागेत पकडलं होतं आणि लेम्नॉस बेटावर नेऊन विकलं होतं. शंभर बैलांची किंमत आली होती. पुढे एका स्नेह्यानं दाम मोजून त्याला सोडवलं, तो घरी परतला, अकरा दिवस आपल्या माणसांत राहिला आणि बाराव्या दिवशी पुन्हा त्याच हातात सापडला. एका हातानं तो अकिलीसचे गुडघे धरतो, दुसऱ्या हातानं त्याचा भाला, आणि जीव मागतो.

अकिलीस जे उत्तर देतो, ते माझ्या मते युद्धसाहित्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर आहे. माझा जिवलग मित्र पॅट्रोक्लस जिवंत होता तोवर ट्रोजनांना जीवदान द्यायला मला बरं वाटायचं, असं तो सांगतो. कितीतरी जणांना जिवंत धरून मी विकलं. आता मात्र एकही सुटणार नाही. मग तो लायकॉनला 'मित्रा' अशी हाक मारतो. तूही मर, रडतोस कशाला? तुझ्याहून कितीतरी थोर असा पॅट्रोक्लस मेला, मलाही एक दिवस मरायचंच आहे. लायकॉनच्या हातातून भाला सुटतो. दोन्ही हात पसरून तो खाली बसतो. तलवार गळ्याजवळच्या हाडापाशी आत जाते आणि प्रेत माशांसाठी नदीत फेकलं जातं.

मारणारा तोच, मरणाराही तोच. पहिल्या भेटीत दया होती, निदान व्यवहार होता. दुसऱ्या भेटीत दोन्ही संपलेलं. मधल्या काळात अकिलीसचा स्वभाव बदलला असं होमर कुठंही म्हणत नाही. मधे एक माणूस मेला, एवढंच तो दाखवतो.

युद्धातल्या क्रौर्याबद्दल बोलताना 'माणसातला पशू जागा होतो' हे वाक्य हमखास येतं. मला ते खोटं वाटतं, आणि घातकही. पशू आधीपासून आत झोपलेलाच होता असं मानलं की कुणी काही केलं नाही, काही घडवलं नाही, फक्त एक दार उघडलं, असं म्हणून मोकळं होता येतं. युद्धावरचं खरं चांगलं साहित्य असं म्हणत नाही. ते पायऱ्या दाखवतं. पहिली पायरी कोणती, तिथं कोण उभं होतं, कोण काय बोललं, आदल्या रात्री झोप झाली होती का, कुणाचं प्रेत नुकतंच पाहिलं होतं. क्रौर्य तयार होतं, त्याला वेळ लागतो आणि मदतनीस लागतात. इतिहासाच्या पुस्तकात बहुतेकदा शेवटचा आकडा उरतो. पायऱ्या कवी आणि कादंबरीकार जपतात.

मदतनीस लागतात याचं उदाहरण 'इलियड'मध्येच आधी, सहाव्या सर्गात आहे. अड्रेस्टस नावाच्या ट्रोजनाचा रथ मोडतो, तो मेनेलाउसचे गुडघे धरतो, खंडणी देऊ करतो. मेनेलाउसचं मन विरघळतं. त्याला आपल्या माणसाबरोबर जहाजांकडे धाडायचं हे जवळजवळ ठरलेलं असतं. तेवढ्यात ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन धावत येतो आणि भावाला झापतो: एवढी कणव कशाला? आईच्या पोटातलं मूलसुद्धा सुटता कामा नये. मेनेलाउस त्या माणसाला ढकलून देतो आणि भाला अगामेम्नॉन खुपसतो. ज्याची बायको पळवल्यामुळे हे युद्ध पेटलं तो सोडायला तयार होता, आणि ज्याचं वैयक्तिक काही गेलं नव्हतं त्यानं मारलं. हे अवघ्या काही ओळींत येतं आणि वाचणारा पुढं निघून जातो. तिथं थांबायला हवं. रणांगणावर दया बहुतेकदा एकट्या माणसाला सुचते आणि दुसरा कुणी आल्यावर ती लाजते.

पायऱ्यांचा सगळ्यांत सविस्तर हिशेब मात्र महाभारतात आहे. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही पक्ष एकत्र येऊन नियम ठरवतात. रथीनं रथीशी, हत्तीवरच्यानं हत्तीवरच्याशी, घोडेस्वारानं घोडेस्वाराशी, पायदळानं पायदळाशी लढायचं. दुसऱ्याशी गुंतलेल्यावर, बेसावध असलेल्यावर, पाठ फिरवलेल्यावर, शस्त्र किंवा कवच गमावलेल्यावर वार करायचा नाही. सारथी, ओझ्याची जनावरं, शस्त्रं पुरवणारे, भेरी आणि शंख वाजवणारे यांना हात लावायचा नाही. हे नियम मान्य करणारे लोक एकाच घरातले आणि एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले. यापेक्षा चांगली सुरुवात कुठल्याही युद्धाला मिळणार नाही.

आता पुढचे दिवस पाहा. दहाव्या दिवशी भीष्म पडतात, शिखंडीला पुढं घालून. तेराव्या दिवशी चक्रव्यूहात एकट्या अभिमन्यूला अनेक महारथी मिळून घेरतात. त्याचं धनुष्य तुटतं, घोडे मारले जातात, रथ जातो, आणि शेवटी उठून उभा राहत असताना दुःशासनाच्या मुलाची गदा त्याच्या डोक्यात बसते. चौदाव्या दिवशी सात्यकीशी गुंतलेल्या भूरिश्रव्याचा हात अर्जुन लांबून तोडतो. भूरिश्रवा युद्ध सोडून प्रायोपवेशनाला बसतो आणि तशाच बसलेल्याचं डोकं सात्यकी उडवतो. त्याच संध्याकाळी जयद्रथ पडतो, पण सूर्य मावळूनही लढाई थांबत नाही.

इथं व्यासांनी एक तपशील दिला आहे आणि तो सांगणारे फार थोडे भेटतात. दिवे पेटवून रात्रभर युद्ध चालू राहतं. घटोत्कच मरतो. मध्यरात्र उलटते आणि सैन्याला उभं राहवत नाही. अर्जुन मोठ्यानं सांगतो की चंद्र उगवेपर्यंत इथंच झोपा, मग लढू. शत्रूकडचे लोकही त्याला दुवा देतात. कुणी हत्तीच्या पाठीवर, कुणी घोड्याच्या मानेवर, कुणी रथात, कुणी नुसत्या जमिनीवर, असे दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच रणभूमीवर झोपतात. चंद्र वर येतो आणि पुन्हा सुरू. पंधरावा दिवस उजाडतो तो असा, अर्धवट झोपेतून, आणि त्याच दिवशी धर्मराज युधिष्ठिर खोटं बोलतो. जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. द्रोणाचार्य शस्त्र खाली ठेवून बसतात. आचार्यांना जिवंत आणा, असं अर्जुन ओरडत असतानाच धृष्टद्युम्न त्यांचे केस धरून डोकं कापतो. असत्य, गुरुहत्या, निःशस्त्रावर वार, या सगळ्याची चर्चा आपल्याकडे शेकडो वर्षं चालू आहे. आदल्या रात्रीच्या न झालेल्या झोपेची चर्चा मात्र ऐकू येत नाही. व्यासांनी ती झोप विनाकारण घातलेली नाही, असं मला ठामपणे वाटतं.

सतराव्या दिवशी कर्णाचं चाक रुततं. तो नियमांची आठवण करून देतो आणि कृष्ण त्याला यादी वाचून दाखवतो: भीमाला विष घातलं, लाक्षागृह पेटवलं, द्रौपदीला सभेत ओढलं, अभिमन्यूला अनेकांनी मिळून मारलं, तेव्हा कुठे होता तुझा धर्म? यादीतली एकही गोष्ट खोटी नाही. घोटाळा नेमका इथंच आहे. सूडाची वही खोट्या नोंदींवर चालत नाही, खऱ्या नोंदींवर चालते. प्रत्येक नवा नियमभंग आधीच्या एखाद्या खऱ्या नियमभंगाकडे बोट दाखवतो, त्यामुळे करणाऱ्याला आपण पाऊल घसरलेले वाटतच नाही, फेड करणारे वाटतो. अठराव्या दिवशी भीमाची गदा दुर्योधनाच्या मांडीवर बसते आणि त्या रात्री अश्वत्थामा झाडाखाली जागा राहतो.

सौप्तिकपर्वाचा हा भाग प्रत्येकानं एकदा संथपणे वाचावा. वडाच्या झाडाखाली तिघं आहेत: अश्वत्थामा, कृपाचार्य, कृतवर्मा. दोघं दमून झोपले आहेत. झाडावर कावळ्यांची वस्ती आहे. रात्री एक मोठं घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना मारत सुटतं, कुणाचे पंख, कुणाची डोकी, कुणाचे पाय. अश्वत्थामा ते पाहतो आणि त्यातून पद्धत शिकतो. मग तो दोघांना उठवतो. कृपाचार्य विरोध करतात आणि तो विरोध अगदी जमिनीवरचा आहे: आज रात्री झोप, थकवा जाऊ दे, सकाळी तिघं मिळून समोरून लढू, किंवा धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू, ते सांगतील ते करू. त्यात उपदेश कमी आणि वेळ मिळवण्याची धडपड जास्त आहे. अश्वत्थाम्याचं उत्तर आधीच्या वहीतलंच: धर्माचा बांध पांडवांनी आधीच शंभर ठिकाणी फोडला आहे, मी कोणता नवा फोडणार?

तो निघतो. आणि विरोध करणारे कृपाचार्यही निघतात.

छावणीत अश्वत्थामा धृष्टद्युम्नाला लाथांनी उठवतो आणि लाथाबुक्क्यांनीच मारतो. निदान शस्त्रानं मार, म्हणजे चांगल्या लोकी जाईन, ही त्याची शेवटची विनंतीही तो नाकारतो. पुढं शिखंडी, द्रौपदीचे पाचही मुलगे आणि अंधारात समोर येईल तो. जे जीव घेऊन दाराकडे पळतात त्यांना दारात कृपाचार्य आणि कृतवर्मा कापतात, शस्त्र टाकून हात जोडणाऱ्यांनाही. मग तेच दोघं छावणीला तीन ठिकाणी आग लावतात, आत उजेड पडावा म्हणून. मला या सगळ्या पर्वात अश्वत्थाम्यापेक्षा कृपाचार्य जास्त अस्वस्थ करतात. अश्वत्थाम्याला बापाचं कापलेलं डोकं आठवतं, त्याच्या वेडाला निदान मूळ आहे. कृपाचार्यांना चूक दिसत होती, त्यांनी ती शब्दांत मांडली, त्यांचं ऐकलं गेलं नाही, आणि मग त्यांनी आपली जागा घेतली. छावणीच्या दारावर. पुढं हेच युद्ध अभिमन्यूची विधवा उत्तरा हिच्या गर्भापर्यंत पोहोचतं. दोन महाकाव्यं, एकमेकांपासून इतकी दूर, आणि दोन्हींत क्रौर्य आईच्या पोटात जाऊन थांबतं. अगामेम्नॉन ते नुसतं बोलला, अश्वत्थाम्यानं अस्त्र सोडलं.

जिंकणाऱ्यानं स्वतः असा हिशेब लिहून ठेवल्याची उदाहरणं फारच कमी. अशोकाचा तेरावा शिलालेख त्यांतलं एक: कलिंगातून 1,50,000 माणसं हलवली गेली, 1,00,000 मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. पण हा लेख खुद्द कलिंगातल्या धौली आणि जौगड इथं कोरलेला नाही. तिथं त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. पश्चात्ताप दूरच्या प्रजेला वाचायला दिला, ज्यांच्यावर घाव झाला त्यांच्या दारात तो लिहिला नाही. कारण काय असावं यावर विद्वानांचे तर्क आहेत. मला त्यात एक शहाणपणही दिसतं आणि एक भीतीही.

आधुनिक युद्धात अकिलीससारखा जन्मजात योद्धा उरला नाही. शाळेतली मुलं, कारकून, शेतकरी, टपालवाले यांच्याकडून काम करून घ्यायचं असतं. म्हणून पहिली पायरी रणांगणाच्या आधीच येते. एरिक मारिया रेमार्कच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या पहिल्या महायुद्धावरच्या, 1929 साली पुस्तकरूपानं आलेल्या कादंबरीत शाळेच्या बाकावरून उठलेल्या मुलांना दहा आठवड्यांचं प्रशिक्षण मिळतं. शिकवणारा हिमेलश्टोस गावचा टपालवाला. एकाच सकाळी चौदा वेळा बिछाना घालायला लावणं, चिखलात लोळवणं, क्षुल्लक कारणावरून पाणउतारा करणं, असा त्याचा अभ्यासक्रम. मुलं कठीण होतात, संशयी होतात, निर्दय होतात आणि निवेदक पॉल सांगतो की ते बरंच झालं, नाहीतर खंदकात वेड लागलं असतं. रेमार्क या छळाला नुसता छळ म्हणून सोडून देत नाही, त्याचा उपयोगही सांगतो, म्हणून ती पानं जास्त झोंबतात. खंदकातलं शहाणपणही तो तसंच सांगतो: संगिनीपेक्षा धार लावलेलं फावडं बरं, कारण संगीन बरगड्यांत अडकते. करवतीच्या दातांची संगीन तर जवळ ठेवूच नये, ती ज्याच्याजवळ सापडते त्याला शत्रू हालहाल करून मारतो.

त्याच कादंबरीत पॉल तोफगोळ्यानं पडलेल्या खड्ड्यात दबा धरून असताना एक फ्रेंच सैनिक वरून अंगावर कोसळतो. पॉल विचार न करता खंजीर चालवतो. तो माणूस लगेच मरत नाही, कित्येक तास घेतो. बाहेर गोळीबार असल्यामुळे पॉलला तिथून हलता येत नाही. तो त्याला पाणी पाजतो, जखमा बांधतो. मेल्यावर पाकीट उघडतो: पत्रं, बायकोचा आणि लहान मुलीचा फोटो, नाव जेरार द्युव्हाल, धंदा छापखान्यातला जुळारी. पॉल शपथा घेतो, तुझ्या घरच्यांना लिहीन, तुझ्यासारखाच जुळारी होईन. बहुतेक लेखक इथं प्रकरण संपवतील. रेमार्क संपवत नाही. दिवस कलतो तशा शपथा पातळ होतात, सुटकेची आशा वाढते, आणि परत गेल्यावर सोबती त्याला एका नेमबाजाकडे बोट दाखवतात. तो दुर्बीण लावून एकेक टिपतो आहे, आज किती झाले ते मोजतो आहे, गोळी लागल्यावर माणूस कसा उडाला ते कौतुकानं सांगतो आहे. त्याच्याकडे बघ, मग तू कशाला मनाला लावून घेतोस? पॉल शांत होतो. युद्ध म्हणजे शेवटी युद्धच, असं म्हणतो. पश्चात्ताप किती तास टिकतो आणि तो कुणाच्या मदतीनं विझतो, हे इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

सोबत्यांची ही भूमिका आयझॅक बाबेलनं सगळ्यांत कमी शब्दांत पकडली. 1920 च्या पोलिश-सोव्हिएत युद्धात तो बुद्योनीच्या घोडदळाबरोबर वार्ताहर म्हणून होता. त्या अनुभवातून 'रेड कॅव्हलरी'च्या कथा आल्या. त्यांतली पहिल्या हंसाची गोष्ट जेमतेम काही पानांची. निवेदक चश्मा लावणारा, कायद्याचा पदवीधर. घोडदळातले कोसॅक स्वार त्याची पेटी फाटकाबाहेर फेकतात, टिंगल करतात. मुक्कामाची सोय लावणारा माणूस आधीच सांगून ठेवतो की इथं चश्मेवाल्यांचा निभाव लागत नाही, पण एखाद्या चांगल्या बाईची विटंबना केलीस तर पोरं डोक्यावर घेतील. अंगणात एक अर्धी आंधळी म्हातारी घरमालकीण आहे आणि तिचा हंस. निवेदक बुटाखाली हंसाचं डोकं चिरडतो, तलवारीवर उचलतो आणि म्हातारीला शिजवायला फर्मावतो. ती म्हणते, कॉम्रेड, मला फास लावून घ्यावासा वाटतो. कोसॅक एकमेकांना सांगतात की पोरगं आपल्यात चालेल, आणि त्याला आपल्या पातेल्यापाशी बसवतात. रात्री सहा जण गवताच्या माळ्यावर एकमेकांच्या पायांत पाय गुंतवून उबेत झोपतात.

ती ऊब महत्त्वाची आहे. बाबेलनं क्रौर्य आणि आपलेपणा एकाच अंगणात, एकाच संध्याकाळी ठेवले. हंस मारल्याशिवाय जेवण नव्हतं, सोबत नव्हती, झोपायला जागा नव्हती. द्वेषाची तर कुठं गरजच पडली नाही. त्या म्हातारीशी त्याचं काहीच वैर नव्हतं. क्रौर्याच्या कारणांत आपण द्वेष फार वर ठेवतो आणि एकटं पडण्याची भीती फार खाली, असं ही कथा वाचल्यावर वाटतं.

या सगळ्यात दार बंद होता होता मधेच उघडतं, असा एक प्रसंग टॉलस्टॉयनं लिहिला आहे. 'युद्ध आणि शांती'मध्ये मॉस्को जळत असताना कादंबरीचा रशियन नायक पिएर आग लावल्याच्या संशयावरून पकडला जातो आणि नेपोलियनच्या सैन्यातल्या मार्शल दाव्हूसमोर उभा केला जातो. दाव्हू कागदांत डोकं घालून बसलेला. त्या कागदांवर माणसं म्हणजे क्रमांक. कोरडे प्रश्न होतात, हा हेर आहे असं ठरत येतं. मग पिएरच्या आवाजात काहीतरी येतं आणि दाव्हू डोळे वर करून त्याच्याकडे बघतो. काही सेकंद दोघं एकमेकांकडे पाहत राहतात. ती नजर पिएरला वाचवते, असं टॉलस्टॉय सरळ लिहितो. डोकं वर करण्याआधी दाव्हूनं त्याला गोळी घातली असती आणि मनाला काही लागलंही नसतं. आता आपण एक माणूस मारतो आहोत हे त्याला कळलं. पण टॉलस्टॉय इथंही भाबडा होत नाही. लगेच एक अधिकारी बातमी घेऊन येतो, दाव्हू खूश होतो, गणवेशाची बटणं लावायला लागतो आणि पिएरला विसरतो. आठवण करून दिल्यावर कपाळाला आठी घालून मानेनं खूण करतो, घेऊन जा. पिएर चालताना विचार करत राहतो की आपल्याला मारतंय कोण? दाव्हूला तर ते नको होतं. चौकशी करणाऱ्यांनाही नको होतं. कुणालाच नको होतं आणि तरी ते चाललेलं होतं.

मग तो मैदान पाहतो, खांब आणि खणलेला खड्डा. कैद्यांचा क्रम यादीप्रमाणे, पिएर सहावा. दोघादोघांना नेतात. पाचवा एकटा, कारखान्यात काम करणारा अठरा वर्षांचा मुलगा. धरायला आल्यावर तो किंचाळत पिएरला घट्ट पकडतो आणि पिएर शहारून त्याला झटकतो. खांबापाशी मात्र तो एकाएकी गप्प होतो. डोळ्यांवरच्या पट्टीची गाठ मागं टोचत असते, ती तो स्वतः नीट करतो. एका अनवाणी पायानं दुसरा पाय खाजवतो. बंदुका उडतात. मारणाऱ्यांचे चेहरे पांढरे पडलेले, हात थरथरताहेत. एक तरुण सैनिक बंदूक टेकवून तिथंच डुलत उभा राहतो, दारू प्यायल्यासारखा, आणि एक वयस्क शिपाई धावत येऊन त्याला कोपराला धरून ओळीत ओढून नेतो. पिएरला खांबापाशी न नेताच परत फिरवतात. बाकीच्यांना नुसतं बघायला आणलेलं असतं. परतताना एक सैनिक पुटपुटतो की आता आगी लावणार नाहीत, पण वाक्य अर्धवट सोडून हात झटकून निघून जातो. त्याला स्वतःचं समाधान करायचं होतं आणि ते झालं नाही.

गाठ नीट करणारा तो हात वाचला की सगळं मोठं बोलणं बंद पडतं. पुढच्या क्षणी मरणार असलेला माणूस आपल्याला टोचतंय म्हणून गाठ सरकवतो. टॉलस्टॉय स्वतः सेवास्तोपोलच्या वेढ्यात तोफखान्यावर होता. असे तपशील नुसत्या कल्पनेतून क्वचितच सुचतात.

व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या टिम ओब्रायनचं 'द थिंग्ज दे कॅरीड' 1990 साली आलं. त्यात रॅट काइली हा तुकडीतला पोरसवदा वैद्यकीय सहायक. त्याचा जिवलग मित्र खेळता खेळता पेरलेल्या स्फोटकावर पाय पडून मरतो. काइली मित्राच्या बहिणीला लांबलचक पत्र लिहितो, तिचं उत्तर येत नाही. त्याच दिवसांत वाटेत म्हशीचं एक रेडकू सापडतं. तो त्याला आधी खाऊ देऊ करतो, ते तोंड फिरवतं, आणि मग तो गुडघा, कान, पाठ, तोंड अशा एकेका ठिकाणी गोळ्या घालत जातो. मारायचं नसतं, दुखवायचं असतं. सगळी तुकडी उभी राहून बघते आणि कुणीही त्याला थांबवत नाही. काइली रडत निघून जातो. दोघं जण रेडकू उचलून गावच्या विहिरीत टाकतात. पत्रापासून विहिरीपर्यंतचं अंतर पाहा. गावातल्या ज्या माणसांना त्या विहिरीचं पाणी प्यायचं होतं, त्यांचा त्या पत्राशी काहीही संबंध नव्हता.

ओब्रायन ज्या क्वांग न्गाय प्रांतात होता, त्याच प्रांतात तो पोहोचण्याआधी, 16 मार्च 1968 रोजी, माय लायचं हत्याकांड झालं होतं. व्हिएतनामी नोंदीनुसार 504 माणसं, त्यांत बायका, मुलं, म्हातारे. मारणाऱ्या अमेरिकी सैनिकी कंपनीनं आधीच्या आठवड्यांत सुरुंगांनी आणि सापळ्यांनी आपली माणसं गमावली होती आणि समोर लढणारा शत्रू त्यांना जवळजवळ दिसलाच नव्हता. अकिलीसला निदान ट्रोजन दिसत होते. न दिसणाऱ्या शत्रूची फेड दिसणाऱ्या गावाकडून करून घ्यायची, ही त्या सकाळची रीत. त्या दिवशी ह्यू थॉम्पसन या हेलिकॉप्टर वैमानिकानं यंत्र खाली उतरवलं, पळणारे गावकरी आणि अमेरिकी सैनिक यांच्या मधे, आणि आपल्या दोघा साथीदारांना सांगितलं की आपले लोक या माणसांवर गोळ्या झाडायला लागले तर तुम्ही आपल्या लोकांवर झाडा. त्यानं मूठभर माणसं वाचवली. तो त्या कंपनीचा नव्हता. तिच्याबरोबर जेवला नव्हता, झोपला नव्हता, तिची प्रेतं त्यानं वाहिली नव्हती. त्याचं धैर्य यानं तसूभरही कमी होत नाही; पण बाहेरून येणाऱ्याला जे लख्ख दिसतं ते आतल्याला का दिसत नाही, हे यातून कळतं.

आतून नकार देणाऱ्यांबद्दल साहित्यात फार कमी पानं आहेत आणि ही मला युद्धसाहित्याची मोठी उणीव वाटते. क्रूर माणसाच्या पायऱ्या आपल्याला तोंडपाठ आहेत, न चढलेल्याच्या नाहीत. इथं इतिहासकाराकडे जावं लागतं. क्रिस्टोफर ब्राउनिंगनं 'ऑर्डिनरी मेन' या 1992 च्या पुस्तकात हॅम्बुर्गच्या राखीव पोलीस बटालियन 101 चा अभ्यास मांडला. मध्यमवयीन माणसं, बरेचसे कामगार, अनेकांना बायकामुलं. 13 जुलै 1942 च्या पहाटे पोलंडमधल्या युझेफुव गावाबाहेर त्यांचा मेजर ट्राप डोळ्यांत पाणी आणून हुकूम सांगतो: गावातल्या ज्यूंपैकी कामाच्या पुरुषांना वेगळं काढायचं, बाकीच्यांना, बायकामुलांसह, गोळ्या घालायच्या. आणि मग म्हणतो की तुमच्यातल्या वयस्कांपैकी ज्याला हे झेपणार नसेल त्यानं पुढं यावं. सुमारे 500 माणसांतून जेमतेम बारा पुढं येतात. दिवसअखेर सुमारे 1,500 माणसं मारली गेलेली असतात.

दिवसभरात आणखी काही जण निसटले, कुणी ट्रकमागे रेंगाळून, कुणी पहिल्या काही गोळ्यांनंतर सुटका मागून. त्यांना कुणी फासावर चढवलं नाही. असा हुकूम नाकारला म्हणून जबर शिक्षा झाल्याचं एकही उदाहरण युद्धानंतरच्या खटल्यांत बचावाच्या वकिलांना दाखवता आलं नाही, असं ब्राउनिंग नोंदवतो. टोमणे मात्र बसले, भित्रा म्हणून हिणवलं गेलं. आणि नकार देणाऱ्या बहुतेकांनी कारण काय सांगितलं, तर आपण कच्चे आहोत, आपल्याच्यानं होत नाही. हे चूक आहे असं त्यांनी सहसा म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं असतं तर उरलेल्या सगळ्या सोबत्यांवर ठपका आला असता. संध्याकाळी त्यांच्याच बरोबर बसायचं होतं, त्यांच्याच शेजारी झोपायचं होतं. त्या माणसांनी गोळी झाडली नाही, पण पातेल्यापाशीची आपली जागाही सोडली नाही. आणि त्यांनी सोडलेल्या जागी बंदूक घेऊन दुसरा कुणीतरी उभा राहिला.